भिंतीवरची शिडी

आमची मुलगी जमिनीवर फार कमी वेळ असायची. दाराच्या चौकटीत दोन्हीकडे हातपाय ताणून ती वर सरकायची आणि डोकं वरच्या लाकडाला टेकलं की तिथूनच गप्पा मारायची. एकदा नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब चहाला आले होते. त्यांच्या डोक्यावर मधोमध टक्कल आहे अशी बातमी वरून कुठून तरी आली आणि ते बिचारे कप हातात धरून डावीउजवीकडे बघत राहिले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बदनापूरला, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहायचो. नवरा रोज गाडीनं जालन्याला ऑफिसला जायचा, मी गावातल्याच शाळेत शिकवायचे. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, धाकटा पाचाचा. तो आपणहून कशावर चढत नसे, पण ताई वर गेली की खाली उभा राहून ‘मला पण’ म्हणत भोकाड पसरायचा.

एका रविवारी तिनं लोखंडी कपाट उघडलं आणि खणांवर पाय देत वर जायला लागली. कपाट पुढे कललं. समोर पलंग होता म्हणून ते त्याच्या कडेवर अडकलं आणि ती खालच्या फटीतून रांगत बाहेर आली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी कणकेच्या हातानं धावत आले, तिला एक धपाटा घातला आणि मग तिला धरून मीच रडत बसले.

नवऱ्यानं कपाट उभं केलं, खाली लाकडी पाचरी ठोकल्या. रात्री जेवताना तो म्हणाला की ही चढायची थांबणार नाही, तेव्हा चढायला काहीतरी पक्कं द्यावं. त्याच्या कॉलेजच्या व्यायामशाळेत भिंतीला ठोकलेली शिडी होती. जमिनीपासून छतापर्यंत आडवे दांडे, वर लोंबकळायला एक दांडा पुढे काढलेला, त्याला दोर आणि कड्या. तशीच घरात बसवू, असं त्याचं म्हणणं. मला आधी हसू आलं. पण पडलेलं कपाट डोळ्यांपुढून हलत नव्हतं, म्हणून मी हो म्हणाले.

पहिला प्रश्न भिंतीचा निघाला. मुलांच्या खोलीतली भिंत नुसती आडोशाची, अर्ध्या विटेच्या जाडीची. तिच्यावर नवऱ्यानं मूठ आपटली तर पलीकडच्या स्वयंपाकघरात डबे वाजले. जाड भिंत एकच होती, ती बैठकीच्या खोलीतली, आणि तिच्यासमोर माझं शोकेस. त्यात टीव्ही, लग्नात आलेली काचेची भांडी आणि माहेरून आणलेला चिनी मातीचा मोर. शोकेस हलवायला मी आठवडा लावला. पाहुणे आल्यावर त्यांना काय शिडीसमोर बसवायचं, असं मी विचारलं. नवरा म्हणाला, तसेही ते आपल्या पोरीच्या खालीच बसतात. मोर दुसऱ्या खोलीत गेला.

मग आम्ही चौघं औरंगाबादला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं शाळांसाठी केलेली तयार शिडी होती, चकचकीत पॉलिश केलेली. दुकानदारानं मुलीला चढून बघ म्हटलं आणि पाठ वळवली. ती शिडीच्या टोकावरून शेजारच्या फळीवर गेली आणि ओळीनं मांडलेल्या चषकांच्या मागे जाऊन बसली. तिला खाली उतरवायला दुकानातली माणसं स्टूल घेऊन आली तेव्हा तिनं स्टूल नको म्हणून सांगितलं. पण घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, ती शिडी नको, तिचे दांडे जाड आहेत, माझी मूठ मिटत नाही. आम्ही मोठ्यांनी उंची पाहिली होती, पॉलिश पाहिलं होतं. तिची मूठ कुणी पाहिली नव्हती.

पुढच्या खेपेला जालन्यात एका वेल्डिंगच्या कारखान्यात गेलो. तिथल्या मालकानं हौसेनं पाइपचा एक छोटा नमुना करून दिला, तो आम्ही दाराच्या चौकटीत बसवून पाहिला. मजबुतीत शंका नव्हती. पण दिवस उन्हाळ्याचे. लोंबकळली की तिच्या हाताला घाम यायचा आणि ती लोखंडावरून सुटायची. तळहाताला वास यायचा तो वेगळाच. शेवटी लाकडावर येऊन ठरलं. आमच्याच गल्लीतल्या सुताराला बोलावलं. जाडी किती, असं त्यानं विचारल्यावर मुलीनं घरातली प्रत्येक लांबट वस्तू मुठीत धरून पाहिली. झाडूचा दांडा बारीक, मुसळ जाड. माझं लाटणं मात्र तिच्या मुठीत बरोबर बसलं. सुतार ते मापाला म्हणून घेऊन गेला आणि काम होईपर्यंत त्यानं ते परत दिलं नाही. तेवढे दिवस आमच्या घरी दोन्ही वेळेला भाकरीच होती.

त्याच सुमारास माझे सासरे जाफराबादकडच्या गावाहून आले. मी त्यांना मामा म्हणायचे, मुलं आबा. मामा शेतकरी माणूस, बोलणं थोडं पण एकदा बोलले की विषय संपायचा. अंगणात सुतार दांडे तासत होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी हे काय म्हणून विचारलं आणि नवऱ्यानं सांगितलं.

“पोरीच्या जातीला भिताडावर चढवून राह्यलात तुमी,” मामा म्हणाले. “हात मोडला, पाय मोडला, मंग?”

मीच म्हणाले, “मामा, ती तशीही चढतेच. पक्क्या जागेवर चढू द्या.”

मी त्यांच्यापुढे एवढं पहिल्यांदाच बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गावी गेले.

शिडी बसली. मुलगी इतक्या वेळा वरखाली झाली की संध्याकाळी जेवतानाच झोपली. धाकटा खालच्या तीन दांड्यांवर खूश होता, रडायचा थांबला. खाली आम्ही जाड गादी टाकली. एकदा घरात कुणी नसताना मीही साडी खोचून वरच्या दांड्याला लोंबकळून पाहिलं. पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली. मग शाळेतून आलं की तेवढं करायचंच, असं माझं होऊन गेलं.

पुढच्या थंडीत मामा परत आले ते उजवा हात छातीशी धरून. खांदा धरला होता. सदरा घालता येईना, पटका बांधता येईना. डोक्याला पटका कुणी दुसऱ्यानं बांधायचा, याची त्यांना फार लाज वाटायची. जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की भिंतीसमोर उभं राहा आणि बोटांनी भिंत चढा, रोज थोडी वर. मामांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर करून पाहिलं. बोटं घसरून हात खाली आला की कळ निघायची. दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी ते सोडून दिलं आणि दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

“आबा, माझ्या शिडीवर बोटं ठेवा ना,” मुलगी म्हणाली. “तिथं घसरत न्हाईत.”

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आम्हीही पुन्हा विषय काढला नाही.

दोन-चार दिवसांनी मी शाळेतून जरा लवकर आले. खिडकीतून आत पाहिलं तर मामा शिडीला तोंड करून उभे. बोटं छातीएवढ्या दांड्यावर. मुलगी चार दांडे वर बसून खाली वाकलेली.

“अजून एक, आबा.”

“दुखून राह्यलंय माय.”

“मी धरते. एकच.”

तिनं खाली हात लांबवून त्यांची दोन बोटं पकडली आणि वरच्या दांड्यावर नेऊन ठेवली. मामांनी डोळे मिटून घेतले होते. मी आत गेले नाही. चपला हातात घेऊन मागच्या दारानं गेले आणि चहा ठेवला.

मग ते रोजचंच झालं. जिथवर हात पोचेल त्या दांड्याला ती आपली लाल रिबीन बांधायची. थंडी जास्त पडली की हात रिबिनीपर्यंत जात नसे. तेव्हा मामा रिबीन खाली घे म्हणायचे आणि ती सरळ नाही म्हणायची. एवढं तोंडावर नाही म्हणणारं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. संक्रांतीपर्यंत रिबीन त्यांच्या कपाळाच्या वर गेली. एका सकाळी मी अंगण झाडत होते तर मामा न्हाणीतून आले आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं पटका बांधायला लागले. एक वेढा वाकडा पडला. त्यांनी तो सोडला आणि परत बांधला. आम्ही सगळे आपापल्या कामात असल्यासारखे राहिलो.

गावी निघायच्या दिवशी पिशवी दाराशी ठेवून ते पुन्हा आत आले. मला वाटलं काही विसरलं असेल. ते शिडीपाशी गेले, दोन्ही हात वर करून दांडा धरला आणि जोर लावून हलवून पाहिला. मग नवऱ्याला हाक मारली.

“ह्यो वरचा बोल्ट ढिल्ला झालाय,” ते म्हणाले. “आजच आवळून घे. पोरगी चढती.”

नवरा पाना शोधायला गेला. मामांनी पिशवी उचलली, उजव्या हातानं, आणि स्टँडकडे चालायला लागले. मुलगी त्यांना सोडायला पुढे गेली, अंगणाच्या फाटकावरून चढून.