डॉक्टरांचा हलका आवाज

माझी मुलगी लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत ब्रेक दोन आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक तिच्या. त्या दुसऱ्या ब्रेकमुळे आमच्या भागात तिला ब्रेकबाई म्हणतात. कॉलेज संपवून तिनं हे काम धरलं तेव्हा माझ्या नणंदेनं नाक मुरडलं होतं. पदवी घेऊन शेवटी ड्रायव्हरच झाली, असं ती चारचौघांत म्हणाली. पुढे साठी उलटल्यावर त्याच नणंदेला गाडी शिकायची हौस आली आणि ब्रेकबाईनं तिला परीक्षेत पास होईपर्यंत शिकवलं. मागचं काही उकरून काढलं नाही. एकदाच म्हणाली, "आत्या, तो आरसा केस बघायला नाही लावलेला."

तिची शिकवायची रीत सरळ आहे. पुढे काय येणार ते आधी सांगायचं. पुढच्या वळणाला डावीकडे घ्यायचंय, आत्ताच मनात धरा. समोर शाळा सुटलीये, पोरं कुठूनही येतील. माणसाला आधी कळलं की त्याचे हात थरथरत नाहीत, असं तिचं म्हणणं. एका बाबतीत मात्र ती उलटं वागते. अगदी जिवावरचं काही समोर आलं की ती काहीच सांगत नाही. आवाज हलका करते, भलतंच काहीतरी विचारते आणि पाय ब्रेकवर नेते. मला शिकवत होती तेव्हा एका उतारावर तिनं सहज विचारलं, आत्याचा फोन आला होता का गं. मी तोंड उघडायच्या आत गाडी थांबली आणि आमच्या नाकासमोरून एक ट्रक आडवा निघून गेला. आधी सांगितलं असतं तर तू डोळे मिटले असतेस, असं नंतर म्हणाली. मिटले असते, खरंय.

तिच्या स्तनात गाठ आहे. आंघोळ करताना तिच्याच हाताला लागली. आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. सुरुवातीला एक मोठ्या डॉक्टरबाई होत्या. त्या हसायच्या नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की केस जातील, तोंड येईल, उलट्या होतील, आणि ताप आला तर वेळ न बघता सरळ निघून यायचं. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. इतकं तोंडावर सांगतात का कुणाला? मुलगी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. पुढे सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे झालं, केस गेले, तोंड आलं, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, हे तर माहीतच होतं.

मग बाई लांबच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले. ते दारातूनच हसत आले. मॅडम, आम्हाला कधी शिकवताय गाडी, असं म्हणाले. फाइल उघडली, मिटली. एकदम मस्त चाललंय, काळजी आमच्यावर सोडा. मला त्यांनी 'आई' म्हणून हाक मारली. इतक्या महिन्यांत त्या इमारतीत मला कुणी विचारलं नव्हतं, मला वाटलं देव पावला. मुलीनं विचारलं की मागच्या तपासणीत गाठीचं काय दिसलं. ते म्हणाले, ते बघू हो, तुम्ही आधी वजन वाढवा. आत सलाइनच्या खोलीत नर्सनं नेहमीच्या पिशवीशेजारी आणखी एक लहान पिशवी लावली. ही कसली, असं विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलीये.

घरी येईपर्यंत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. दारात बूट काढता काढता म्हणाली, "पुढच्या डोसला मी जाणार नाही."

मला वाटलं थकलीये, झोपून उठली की ठीक होईल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

"आई, तो माझा आवाज आहे. ट्रक दिसला की मी असंच बोलते. त्याचा पाय ब्रेकवर आहे, आणि मला काही दिसत नाहीये."

तिला खात्रीच झाली होती की औषध लागू पडत नाहीये, हे सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त तिला सांगत नाहीत. ती जास्तीची पिशवी म्हणजे शेवटचा उपाय असणार. मग ओकत मरायचं कशाला, घरी बसून मरेन, असं ती शांतपणे म्हणाली. तिच्या बाबांचा सगळा संसार विनोदावर चालतो. ते म्हणाले, अगं, तो डॉक्टर नवा आहे, त्याच्या पाठीला 'शिकाऊ'ची लाल पाटी लाव. ती हसली नाही. मग तेही उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

डोसची तारीख जवळ येत होती. भीती पोटात असते असं आपण म्हणतो, पण माझी कानात होती. ती खोकली की मी ऐकायची, बाथरूमची कडी लागली की ऐकायची, ती कूस वळली तरी पलीकडच्या खोलीत मला कळायचं. उशीर झाला तर गाठ पुन्हा वाढेल का? आता या क्षणी वाढतेय का? माझी पोरगी हट्टी आहे, लहानपणी दात काढायला नेली तर डॉक्टरला चावली होती. तिला ओढून नेता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मी कुणाला न सांगता एकटी हॉस्पिटलात गेले. डॉक्टर लिफ्टमधून बाहेर पडत होते आणि फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणत होते, काय मामा, एकदम मस्त ना. तोच आवाज. लिफ्टमध्येही तोच. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, तुम्ही माझ्या मुलीपासून काय लपवताय.

"लपवतोय? छे हो आई, तुम्ही पण ना!"

मुलगी म्हणाली होती ते आता मलाही ऐकू आलं. आजवर मला जे गोड लागत होतं त्यानं अंगावर काटा आला. मी म्हणाले, तुमच्या या आवाजामुळे तिनं औषध सोडलंय. तिच्या धंद्यात या आवाजाचा अर्थ अपघात होतो.

ते तिथल्याच बाकावर बसले. त्यांना आधी काही कळेना, मी ट्रकची गोष्ट सांगितली तेव्हा कळलं. ती लहान पिशवी मळमळ कमी व्हावी म्हणून होती, तिनंच नर्सजवळ मळमळीची तक्रार केली होती. मी घरीही असाच बोलतो, बायको वैतागते, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. पेशंट घाबरलेले असतात, त्यांना हसरा माणूस बरा वाटतो, असा त्यांचा अनुभव होता. मी म्हणाले, तीही घाबरलीये, म्हणूनच सांगा.

"सांगतो. पण सगळंच चांगलं नाहीये. तुम्हाला आता सांगू, का तिलाच?"

असं कुणी आईला विचारू नये. माझ्या तोंडात 'मला सांगा' आलं होतं. मला माहीत असतं तर मी ते जरा मऊ करून घरी नेलं असतं, माझ्या पद्धतीनं. आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. मी म्हणाले, तिलाच.

घरी येऊन मी तिला जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर स्पष्ट बोलणार आहेत, सगळं चांगलं नाहीये, मला याहून जास्त माहीत नाही. ती म्हणाली, ऐकायला येईन, पण सुईसाठी हात पुढे करणार नाही. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. 'सगळं चांगलं नाहीये' म्हणजे किती, हे मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मोजत होते.

डोसच्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. गाठ लहान झालीये, म्हणाले, पण आम्हाला हवी होती तेवढी नाही. आजचा डोस आधीच्याच औषधाचा. मग पुन्हा तपासणी. फरक कमी पडला तर औषध बदलायचं आणि ऑपरेशन पुढे जाईल. नव्या औषधानं बोटं बधिर होतात, काहींची लवकर सुधारतात, काहींची नाही.

"पायांचीपण?" तिनं विचारलं.

"पायांचीपण."

"म्हणजे मला ब्रेक कळणार नाही."

"काही दिवस कदाचित नाही कळणार. किती दिवस ते मला आज सांगता येणार नाही."

तिचं काम म्हणजे तिचे पाय. आता ती उठेल आणि निघेल, अशी माझी खात्री झाली. तिनं आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकून घेतली, आणि मग बाही वर केली. नर्सला म्हणाली, सुई घालायच्या आधी सांगा. नर्सनं सांगितलं. पिशवी लावायच्या आधीही सांगितलं, ही कसली, किती वेळ चालेल, हातात गार वाटेल. बाहेर मलाच जावं लागलं, तोंडावर पाणी मारायला.

मी परत आले तेव्हा हॉस्पिटलची एक मुलगी खुर्च्यांमधून फिरत होती. एकंदरीत इथल्या उपचारांबद्दल किती समाधानी आहात, शून्य ते दहा, असं ती सगळ्यांना विचारत होती. शेजारचे आजोबा म्हणाले, आधी ती चहाची मशीन दुरुस्त करा, मग विचारा. माझ्या मुलीनं सांगितलं, नऊ.

मी थक्क झाले. गाठ हवी तेवढी गेली नाही, पाय बधिर व्हायची शक्यता, आणि नऊ? मागच्या वेळी डॉक्टर एवढं गोड बोलले तेव्हा हिनं शून्य दिलं असतं. एक का कापलास, मी विचारलं. ती म्हणाली, खुर्ची, कंबर मोडते. मग त्या मुलीनं मलाही विचारलं. मला आकडा सांगता येईना. कुणी मला सांगावं की ती बरी होईल, मग मी दहा देते, शंभर देते.

घरी आल्यावर तिनं आपल्या सगळ्या शिकणाऱ्यांना फोन केले. कदाचित काही दिवस शिकवता येणार नाही, नक्की सांगता येत नाही, तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता. एक बँकेतले साहेब फोनवरच रडू लागले, तर तिनं त्यांनाच समजावलं की गिअरवर हात ठेवून गाडी चालवायची सवय तेवढी सोडा.

डोस झालाय, आता तापाची भीती आहे. मी काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत जाते आणि कपाळाला हात लावते. मघाशी तिनं डोळे न उघडताच माझा हात धरला.

"ताप आला तर मी सांगेन, आई. पण तुला आधी कळला तर तूपण सांगायचं. लगेच."

मी हो म्हटलं. तिनं हात सोडला नाही. माझ्या हाताला ती गरम लागतेय की माझेच हात गार पडलेत, ते मला कळत नव्हतं. मग मी तेच तिला सांगितलं, आणि थर्मामीटर आणायला उठले.