नूर महंमदच्या गाडीचा दम

लग्न होऊन मेहरुन धरणगावात आली, त्याच वर्षी सासऱ्याचं आणि नवऱ्याचं भांडण तिनं पडद्याआडून ऐकलं. घर एवढंसं, की ऐकायचं नाही म्हटलं असतं तर कानात कापूसच कोंबावा लागला असता. कापूस मात्र घरात भरपूर होता. पिंजाऱ्याचंच घर ते.

"गाडी घेतो म्हणे! बापजाद्यांनी कधी लोखंडाला हात लावला?" सासरा ओरडत होता.

"अब्बा, लोक फोमच्या गाद्या विकत आणतात आता. पिंजून कोण घेतंय?"

"मी मेल्यावर घे."

"तुम्ही मरेपर्यंत खायचं काय?"

यावर सासऱ्यानं चप्पल भिरकावली. ती पडद्याला लागून मेहरुनच्या पायाशी पडली. नव्या नवरीनं ती उचलली, पुसली आणि निमूट बाहेर सरकवून दिली. पुढे नवऱ्यानं, नूर महंमदनं, जुनी पिकअप घेतलीच. सासरा काही दिवस अबोल राहिला, मग एका दुपारी कुणी बघत नाही असं पाहून केबिनमध्ये जाऊन बसला आणि हॉर्न वाजवला. सगळी गल्ली जमा झाली, म्हणून पुन्हा रुसला.

त्या गाडीवर पोरं वाढली, लग्नं झाली, सासऱ्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं नि परत आणलं तेही तिच्यातूनच. नूर महंमद तसा अबोल माणूस. बायकोशी बोलायचं नसेल तर गाडी धुवायचा. गाडी कायम लखलखीत असायची, यावरून काय ते समजा.

भाडी पुष्कळ आली नि गेली, पण एक टिकलं. शांतीलाल शेठची सरकीची ढेप मालेगावला पोचवायची. गुरांच्या खुराकाची ती पोती भलती जड. बाकी भाडी आज आहेत, उद्या नाहीत. शेठची फेरी होती म्हणून गाडी दारात होती, आणि गाडी होती म्हणून लोक अजून त्याला हाक मारत होते. ही फेरी गेली तर गाडी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघंही ते बोलत नसत.

अडचण होती लळिंगच्या घाटाची. धुळं सोडलं की मालेगावकडे जाताना तो चढ लागतो. फार मोठा नाही, नव्या गाड्या गाणं म्हणत चढतात. नूर महंमदची गाडी मात्र अर्ध्यावर काळा धूर ओकायची, पहिल्या गिअरमध्ये कण्हत राहायची. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून आईबापाची आठवण काढायचे. दुकान आता शेठचा नातू अर्हम बघायचा. पोरगा वाईट नव्हता. पण एक दिवस म्हणाला, "नूरचाचा, मालेगावचे लोक माल वेळेवर मागतात. या हंगामात गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर मला दुसरी लावावी लागेल."

नूर महंमद धनसिंग मिस्त्रीकडे गेला. मेहरुन सोबत होती. तिला बाजारात उतरायचं होतं, पण ती उतरली नाही.

धनसिंगनं बॉनेट उघडलं. "नूरभाऊ, तुन्या गाडीले दम लागस. नाक बंद व्हयेल शे तिनं."

"ताकद वाढवायचीय. स्वस्तात."

"स्वस्तात बठ्ठासले पाहिजे." स्वस्तात सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून धनसिंग हसला. मग नीट सांगू लागला. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो थकलाय, तो नवा टाकला तर गाडी तरणी होईल, पण महाग. पंप आणि नोझल साफ करून घेतले तर डिझेल नीट जळेल, ते जमण्यासारखं. आणि सगळ्यात आधी हवेचा फिल्टर, चांगला, नवा, कंपनीचा.

"आणि तो मोठा सायलेन्सर? पोरं बसवतात तो?"

"त्यानी आवाज वाढस, ताकद नही. म्हशीना गळामा घंटा बांधी म्हणीसन दूध वाढस का?"

मेहरुनला हसू आलं. नूर महंमदनं पंप-नोझल करून घेतलं. फिल्टरपाशी मात्र त्याचं घोडं अडलं. हंगामात ढेप भरायला गाडी जिनिंगच्या, कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात उभी असे, आणि तिथे हवेतसुद्धा कापूस. नवा कागदी फिल्टर टाकला की थोड्याच फेऱ्यांत त्यावर रुईची साय धरे आणि इंजिन पुन्हा घुसमटे. दरवेळी नवा कुठून आणायचा?

घरी आला, पण गाडी धुतली नाही, म्हणजे विचार चालू होता. जेवताना एकदम म्हणाला, "मेहरुन, हवा कापसातून कशी जाते हे आपल्याला कुणी शिकवायचं?"

"म्हणजे काय अजी?"

"कागद कशाला हवा? पातळ पिंजलेला कापूस, वर मलमल. भरला की झटकला, पुन्हा पिंजला. आपल्या घरचंच काम आहे."

मेहरुनला ते पटलं. न पटायला काय होतं? आयुष्यभर तिनं उशा, गाद्या शिवल्या. कुठला कापूस दडपतो, कुठला श्वास घेतो, हे तिला बोटांनी कळायचं. तिनं पिंजायचं जुनं धनुष्य खाली काढलं, कापूस असा पिंजला की फुंकर मारली तर उडेल, आणि मलमलीत घालून इतके बारीक टाके घातले की लेकीच्या रुखवतातही घातले नव्हते. धनसिंगला कुणी विचारलं नाही. पिंजाऱ्यानं कापसाबद्दल मिस्त्रीला काय विचारायचं?

आणि गाडी पळाली की हो! लळिंगचा घाट भरल्या पोत्यांनी, धूर न काढता चढली. नूर महंमद संध्याकाळी घरी आला तो शीळ घालत. मेहरुननं ती शीळ लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

"चाचा, गाडीला काय पाजलं?" अर्हमनं विचारलं.

"खानदानी दवा आहे, सांगायची नसते."

ढाब्यावर मात्र तो बोलून गेला, आणि दोघा-तिघा ड्रायव्हरांनीही तसली कापसाची गादी मागितली. मेहरुननं मापं घेऊन ठेवली. नशीब, की शिवायला उशीर झाला.

थंडी सरली, रस्त्याचं काम निघालं, आणि पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत काळी माती पिठासारखी उडू लागली. गाडी ऑइल पिऊ लागली. आधी थोडं, मग रोज. मागून धूर निघे तो आता काळा नव्हता, निळा होता. नूर महंमदला वाटलं, वय झालं. मलमल झटकून पुन्हा लावली. शेवटी मेहरुनला बरोबर घेऊन गाडी धनसिंगकडे नेली. त्यानं फिल्टरचा डबा उघडला आणि मलमलीची ती गादी दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला.

"हाई काय शे?"

नूर महंमदनं बायकोकडे पाहिलं. मग धनसिंगनं इंजिनात जाणाऱ्या नळीत बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटाला बारीक, काळी कचकच.

"वहिनी, काम सुंदर शे. तुम्हनी रुई थांबाडी, पण धूळ नही थांबाडी." तो हळू आवाजात म्हणाला. "आतून घासाई गयं बठ्ठं."

"स्वस्तातलं काही?" नूर महंमदनं विचारलं.

धनसिंगनं मान हलवली. पूर्ण इंजिन बांधावं लागेल, आणि त्याला लागेल तेवढ्यात तर दुसरी जुनी गाडी येते. फार तर जाड ऑइल घालू, डिझेल थोडं वाढवून देऊ. काही दिवस निघतील. निघाले तेवढे निघाले. मेहरुन रात्री नुसतीच पडून राही. बोटांची तिला लाज वाटे, पण नवऱ्याला ती तसं म्हणाली नाही, आणि तोही तिला काही म्हणाला नाही. दोघांनी मिळून केलेल्या चुकीत एवढी एक सोय असते.

घाटात गाडी उभी राहिली ती भर दुपारी, ढेप भरलेली. मालेगावच्या गिऱ्हाइकाचे फोन अर्हमला गेले. त्यानं दुसरी पिकअप पाठवली, नवी, पांढरी. पोती इकडून तिकडे टाकायला नूर महंमदनंच हात लावला. ओझं उतरलं तशी त्याची गाडी कण्हत कशीबशी घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात अर्हम खाली बघून बोलला. म्हातारे शांतीलाल शेठ आतल्या गादीवर बसले होते. "नूरभाई, माझं चालत असतं तर..." एवढंच म्हणाले. त्यांचं घरातही चालत नव्हतं, हे नूर महंमदला माहीत होतं. त्यानं सलाम केला आणि बाहेर आला.

मग उरलं काय? धुळ्याच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं. निघायच्या दिवशी त्यानं गाडी धुतली, काचा पुसल्या. मेहरुन म्हणाली, "भंगारात द्यायची ना अजी?" तो म्हणाला, "मग घाण द्यायची?" तीही शेजारी बसली. वाटेत बाजारातल्या प्रेमराजनं हात केला. त्याला गाडीचं काही ठाऊक नव्हतं.

"नूरभाई, धुळ्याला ना? येताना एरंडोलला माझ्या बहिणीकडे हा डबा द्याल? लोणचं आहे."

"देतो की," नूर महंमद म्हणाला. मेहरुननं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

गाडी निळा धूर सोडत धुळ्याला पोचली. भंगारवाल्याच्या आवारात त्यानं ती रांगेत नीट लावली, चाकं सरळ केली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढला. किल्ली दिली. मागच्या हौद्यातला दोर सोडून कोपरावर गुंडाळला, लोणच्याचा डबा उचलला आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागले.

एरंडोलला उतरून त्यानं घर विचारलं. प्रेमराजच्या बहिणीनं डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाली, "बसा ना भाऊ, चहा टाकते."

"नको ताई," नूर महंमद म्हणाला, प्रत्येक दारात म्हणत आला होता तसंच, "गाडी बाहेर उभी आहे."