वाणाची बॅटरी

या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी बायकांना बॅटऱ्या लुटल्या. कॉलनीत माझं अजून कौतुक चाललंय. दळण आणायला गेलं तरी कुणीतरी म्हणतं, "काय डोकं लावलंस गं!" मी हसते आणि विषय बदलते. कारण डोकं माझं नव्हतंच, आणि ज्या बाईचं होतं तिला मी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.

आमची कॉलनी नाशिकच्या अगदी कडेला आहे. मागे अजून द्राक्षांचा मळा आहे आणि त्याला लागून कच्चा रस्ता रिक्षा स्टँडपर्यंत जातो. थंडीच्या सुरुवातीला त्या रस्त्यावर बिबट्या दिसला. कुणाच्या तरी कॅमेऱ्यात आला, कॉलनीच्या ग्रुपवर फिरला आणि झालं! सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सगळ्या वाघिणी दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत योगासनं करायला लागलो. पुरुष मंडळी ग्रुपवर 'काळजी घ्या' एवढं टाकून मोकळी झाली.

एकीला मात्र घरात बसून चालणार नव्हतं. ती माझी समोरच्या बिल्डिंगमधली मैत्रीण. तिचा नवरा रेल्वेत होता, तो अचानक गेला आणि त्याच्या जागी ती इगतपुरीला ऑफिसात लागली. गाडी धरायची म्हणजे उजाडायच्या आत निघायचं, आणि निघायचं म्हणजे तोच मळ्याकडचा रस्ता. "मोबाईलचा उजेड असतो की," म्हणायची. मोबाईलचा कसला डोंबलाचा उजेड! स्वतःच्या चपला दिसल्या तरी खूप.

एकदा माझ्याकडे चहाला आली होती तेव्हा मी वाणाचं रडगाणं लावलं. दरवर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे, त्याच चाळण्या. ती पटकन म्हणाली, "बॅटऱ्या दे की या वर्षी. कामाला तरी येतील." मला इतकं आवडलं की मी लगेच मोबाईल काढून शोधायलाच बसले. जी उघडावी ती 'टॅक्टिकल'! आम्ही जणू सरहद्दीवर निघालो होतो. एका फोटोत तर बॅटरीच्या उजेडात अख्खा डोंगर दिसत होता, आणि किंमत म्हणाल तर साधा डबासुद्धा येणार नाही एवढी. मी मागवायला निघाले तर तिने हात धरला.

"फोटोत सगळ्याच चमकतात. हातात घेऊन बघू," ती म्हणाली.

म्हणून तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही द्वारका चौकातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर बॅटऱ्यांचा ढीग मांडला. मी विचारलं, "गुलाबी आहे का हो?" वाणाला जरा बरं दिसेल म्हणून. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आपली काळ्याच उलटसुलट करून बघायला लागले. तोवर माझी मैत्रीण एक बॅटरी घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि तिने डोक्यावरून शाल ओढून घेतली. आत उजेड लागतोय, बंद होतोय, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बघतायत.

"अहो मावशी, काय चाललंय?" दुकानदार म्हणाला.

"अंधार करतेय," शालीतून आवाज आला. "भर दुपारी बॅटरी काय कळणार?"

मला हसू आवरेना. पण तिने एकेक करून सगळ्या तपासल्या. एकीचा उजेड मोठा, पण मधोमध काळा डाग. एक थोड्या वेळात हाताला चटके देईल इतकी तापली. एक मला फार आवडली होती, तिला झूम होता, लुकलुकणारा दिवा होता, काय काय होतं. ती हिने बाजूलाच ठेवली. त्या बॅटरीला एकच बटण होतं, पहिल्यांदा दाबलं की मंद उजेड, दुसऱ्यांदा मध्यम, मग कुठे पूर्ण. "घाबरलेलं माणूस एकदाच दाबतं गं," ती म्हणाली. शेवटी एक काळी, मुठीत मावणारी निघाली. पुढच्या तोंडाला दाते, मनगटात अडकवायला दोरी, मागे अंगठ्याखाली बटण आणि पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड. तिने ती सरळ दुकानाच्या पायरीवर टाकली.

"अहो, फुटेल ना!" दुकानदार ओरडला.

"फुटली तर नकोच आहे."

फुटली नाही. तिने उचलून पेटवली, माझ्या तोंडावर मारली आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकल्यावर खूश होऊन म्हणाली, "हीच घे. ही हातात असली ना, की सकाळी मी बिनधास्त निघेन बघ."

हे वाक्य मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. 'हो ना!' म्हटलं आणि किमतीवरून घासाघीस करायला लागले. मग आम्ही समोर उसाचा रस प्यायलो. मध्येच ती म्हणाली, शाल राहिली, आणि परत दुकानात गेली. बराच वेळ आली नाही तेव्हा मी वैतागले. "गर्दी होती गं," म्हणाली आणि घडी केलेली शाल छातीशी धरून रिक्षात बसली.

बोलावण्याची वेळ आली. सासूबाईंनी 'तिला नको' म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं, त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते. पण त्या म्हणाल्या, "तुझं घर आहे, तू ठरव." आता काय! मी फोन घेऊन बसले. एकेकीला निरोप धाडत गेले, तिचं नाव आलं आणि अंगठा पुढे सरकला. म्हटलं, हळदीकुंकवाच्या बायकांत तिलाच अवघडल्यासारखं होईल. खरं सांगू? भीती मला वाटत होती, बायका काय म्हणतील याची. मी शिकवते त्या शाळेत महिला दिनाला दरवर्षी माईक हातात घेऊन बोलणारी मीच ती! तिच्यासाठी एक बॅटरी मी फ्रिजवर वेगळी ठेवली. नंतर नेऊन देऊ म्हटलं, आणि तेवढ्यावर मला झोपही छान लागली.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी ती आपणहून मदतीला आली. सगळ्या बॅटऱ्या तिने चार्ज करून, पेटवून बघितल्या, तिळगुळासकट पिशव्यांत भरल्या. हळदीकुंकवाच्या पुड्या तेवढ्या माझ्याकडे सरकवल्या. ऊन उतरलं तशी उठली, हात धुतले.

"चल, निघते मी. बायका येतील आता."

मी दारातच उभी होते. 'थांब' एवढं म्हणायचं होतं फक्त. मी काय म्हणाले? "तिळगूळ घेऊन जा." आणि तिला डबा भरून दिला. प्लॅस्टिकचा.

संध्याकाळी घर बायकांनी फुललं. एक बाई दोन्ही सुनांना घेऊन आल्या आणि बॅटऱ्या कमी पडल्या. वाण न देता सवाष्णीला कसं पाठवायचं? मी फ्रिजवरची काढून दिली. देताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

नंतरचे दिवस तिच्या निघायच्या वेळेला मला आपोआप जाग यायची. मळ्याकडून कुत्री भुंकायची. गॅलरीत जाऊन बघावं असं वाटायचं, पण मी अंथरुणातच पडून राहायचे. बिबट्याने खरंच काही केलं असतं तर? शेवटी राहवलं नाही. एकटीच द्वारकेला जाऊन तशीच काळी बॅटरी घेतली आणि दिवेलागणीला तिच्या घरी गेले.

तिने दार उघडलं, हसली, आत बोलावलं. मी पिशवीत हात घातला आणि तो तसाच राहिला. दाराशेजारच्या खिळ्याला किल्ल्यांसोबत तीच बॅटरी लटकत होती. मनगटाची दोरी मळून गेली होती.

"अगं, ही कधी घेतलीस?"

"त्याच दिवशी. शाल आणायला गेले होते ना, तेव्हा."

मेथीची जुडी घेतल्यासारखं सांगितलं तिने. माझे कान गरम झाले. म्हणजे रस पितानाच तिला माहीत होतं. आपल्याला बोलावणं येणार नाही, ही आपल्याला बॅटरी देणार नाही, हे माझ्याआधी तिला माहीत होतं, आणि तरी त्या दिवशी येऊन तिने एकेक बॅटरी पेटवून बघितली होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. विचारायला तोंड होतं मला!

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं."

चहा कसा प्यायला आठवत नाही. निघाले तर जिन्यात अंधार, दिवा गेलेला. मी पिशवी चाचपडायला लागले तेवढ्यात तिने खिळ्यावरून बॅटरी काढली आणि वरून उजेड धरला. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड, माझ्या पायांपुढे.

"सावकाश हं," ती वरून म्हणाली. "शेवटची पायरी तुटलीये."

मी "हो" म्हटलं. वर बघायची हिंमत झाली नाही. तिच्यासाठी घेतलेली बॅटरी माझ्या पिशवीत तशीच होती, आणि मी तिच्या उजेडात खाली उतरले.