मिटलेल्या डोळ्यांवर काढलेले डोळे

चिकपेटेतल्या एका स्टुडिओत मी काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरायची. माझा क्रम ठरलेला असे: मागचा पडदा, कपडे, कातडी आणि डोळे शेवटी. क्रम पाळला की हात थरथरत नाही. फोटो मालक स्वतः काढत. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. माझे रंग त्यांना आवडत नसत. "माझ्या सावल्यांवर चुना फासतेस," म्हणायचे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. देवनहळ्ळीहून एक गृहस्थ आले. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इकडे कानडी मुलखात राहिलेलं मराठी घर. त्यांचा थोरला भाऊ कॉफीचं हॉटेल चालवायचा. त्याने जिवंतपणी एकदाही फोटो काढून घेतला नव्हता, म्हणून तो वारल्यावर त्याला खुर्चीत बसवून अण्णांनी फोटो काढला होता. आता वर्षश्राद्धासाठी वहिनीला तोच फोटो रंगीत आणि उघड्या डोळ्यांचा हवा होता.

"डोळे कसे होते?" मी विचारलं.

"दोन होते," ते म्हणाले.

आणखी विचारून उपयोग नव्हता. भावाभावांत असा किती फरक असणार? मी त्यांनाच समोर बसवलं आणि मिटलेल्या पापण्यांवर त्यांचे डोळे काढले.

अण्णांनी फोटो बघितला. "मी मेलेल्या माणसाचा फोटो काढला. जिवंत तू केलास. त्या बाईला जबाब तूच दे."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी बाई स्वतः आल्या. दीर बाहेर विडी ओढत थांबले. मी फोटोवरचा कागद काढला.

"हे तर भाऊजी!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हा भिंतीवर लावून मी दिवसभर पदर सावरत फिरू? आणि जावेने ओळखलं म्हणजे?"

दुसरी प्रत काढून, वाळवून, रंगवायला वेळ नव्हता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी डोळे पुसले. खालून मिटलेल्या पापण्या वर आल्या. बाईंनी तोंड फिरवलं. कागद खरवडला गेला होता. आणखी एकदा पुसला तर फाटणार, हे मला आणि अण्णांना कळत होतं.

"आता तुम्ही सांगा, अक्का," मी म्हटलं. "सांगाल तसंच काढते."

"त्यांना माझ्याकडे नका बघायला लावू. माझ्याकडे कधी बघितलंय त्यांनी! गल्ल्याकडे बघायचे. तिकडे, खाली."

अण्णा आरसा घेऊन आले आणि उन्हाचा कवडसा बरोबर फोटोवर धरला. कवडसा हलत होता.

"डावा स्वल्प बारीक. चुलीच्या धुराने झाला होता. एवढा नाही... हां."

उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका ठेवून मी ब्रश उचलला. बाई बोलेनात. अण्णांनी आरसा खाली केला. चुकलं, आणि आता पुसताही येणार नाही, असं मला वाटलं. मान वर करायचा धीर होईना.

खुर्ची सरकली. बाई डोक्यावरून पदर घेऊन फोटोसमोर उभ्या होत्या.

"बसा ना, अक्का."

"आता ह्यांच्यासमोर कशी बसू?" त्या म्हणाल्या.