बिनदोरीचा सामता

लाकडाला भोक पाडून झाले की माणिकराव गुरुजी ते लाकूड उचलून एका डोळ्याला लावीत, दुसरा डोळा मिटीत आणि पलीकडे जे दिसेल ते जाहीर करीत. "म्हैस दिसून राह्यली." "वकीलसाहेब येऊन राह्यले, हातात कागद हाय, आज कोणाचं तरी काई खरं न्हाई." ही दुसरी घोषणा माझ्याविषयी असे. मी वकील नव्हतो. घनसावंगीत त्यांच्या शेजारच्या घरात राहून लोकांचे अर्ज, कैफियती आणि नोटिसा लिहून देणे हा माझा व्यवसाय होता. परंतु गुरुजींनी मला ही सनद परस्पर बहाल केली होती आणि ती रद्द करण्याचा अधिकार गावात कोणालाच नव्हता.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवीत. त्यांचे स्वतःचे शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून झाले होते. पोलीस कारवाईनंतर शाळा मराठी झाली, आणि काल 'जरब' म्हणून शिकवलेली गोष्ट आज 'गुणाकार' म्हणून शिकवण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्या काळात कायदे बदलले, कचेरीचे कागद बदलले, शिक्के बदलले. कोणत्या अर्जावर कोणता मायना घालावा हे कारकुनालाही सांगता येत नसे आणि मी रोज कोणावर तरी संतापलेला असे. गुरुजी मात्र शाळा सुटली की ओसरीवर करवत, पटाशी आणि सामता घेऊन बसत. सुतारकाम हा त्यांचा शौक होता. किसन सुताराच्या पडवीत वर्षानुवर्षे बसून त्यांनी तो हस्तगत केला होता. किसन त्यांना चिडवायचा की गुरुजी, तुमचं स्टूल बसायला चांगलं हाय, फक्त बसणाऱ्यानं हलू नये. गुरुजी त्यावर ठरलेले उत्तर देत : "लाकूड खोटं बोलत न्हाई किसनराव. मापणारा बोलतो."

ज्यांनी सामता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक उभी दांडी, तिच्या टोकाला पाते, आणि दांडीला वेढा घातलेली दोरीची कमान. एका हाताने दांडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची. दांडी एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे, आणि दोन्ही वेळा लाकूड कोरते. गुरुजींचा हात या पुढे-मागेला इतका सरावला होता की फळ्यावर लिहिताना ते विचारात पडले तर त्यांचा उजवा हात हवेत तसाच हाले, आणि पोरे ओळखत की आता मण्यांची पाटी होणार. शाळेतल्या मुलांना मोजणी शिकण्यासाठी ते तारेत ओवलेल्या लाकडी मण्यांच्या पाट्या करीत. एका पाटीला शंभर मणी लागत, म्हणजे शंभर भोके, आणि सामत्याच्या धक्क्याने बाभळीचे निम्मे मणी दुभंगत.

या दुभंगणाऱ्या मण्यांपायी त्यांनी मुंबईच्या एका दुकानाच्या सूचीपत्रात विलायती हातड्रिलाचे चित्र पाहिले, दोन वर्षे पानतंबाखू सोडली आणि अखेर ते मागवले. पार्सल आले त्या दिवशी ओसरीवर माणूस मावत नव्हता. ड्रिल बाहेर निघाले आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. तांबड्या रंगाचे दातेरी चाक, त्याला अडकलेली दोन लहान चाके, बाजूला फिरवायची मूठ, वर धरायला चकचकीत लाकडी दांडा, खाली पाते पकडणारा तीन पाकळ्यांचा जबडा. नव्या तेलाचा वास सुटला होता. मूठ फिरवली की घड्याळाला चावी दिल्यासारखा बारीक, श्रीमंत आवाज येई. किसनने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला.

"गुरुजी, दोरी कुठाय?"

दोरी नव्हती. गुरुजींनी खोक्यातला भुसा चाळला, मी कागद चाळले. "बिनदोरीचाच हाय वाटतं," गुरुजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. पातीही नव्हती, आणि यंत्र हलवले की दांड्यात काहीतरी खुळखुळे. आत मोडतोड झालेली आहे व सुटे भाग पाठवलेले नाहीत, अशा दोन मुद्द्यांची तक्रार मी तिथेच लिहायला घेतली. ती अर्ध्यावर असताना गुरुजींच्या पत्नी सोनाबाईंनी पाणी देता देता दांड्याची टोपी सहज पिळली. टोपी निघाली आणि पोकळ दांड्यातून आठ पाती त्यांच्या पदरात पडली. मी कागद फाडला. त्यावरून मी काही शिकायला हवे होते, पण तो दिवस शिकण्याचा नव्हता.

खोक्यात एक इंग्रजी माहितीपत्रक होते आणि 'तपासून पाठवले' अशी सावंत नावाच्या माणसाच्या सहीची एक चिठ्ठी होती. गुरुजींना इंग्रजी येत नसे. मला कामापुरते येई, आणि माझे काम कायद्याचे असल्याने मी त्या पत्रकातला हमीचा परिच्छेद तेवढा बारकाईने वाचला.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी गोंधळात पडले ते आठ दिवस पडलेलेच राहिले. ते पाते बसवीत, मणी शेगड्याच्या लाकडी पकडीत आवळीत, मूठ धरून अर्धा फेरा पुढे नेत, अर्धा मागे आणीत. थोडा भुसा पडे, मग पाते लाकडात रुतून बसे, आणि मूठ मागे आली की जबडा सैल पडून यंत्र गुरुजींच्या हातात आणि पाते मण्यात अशी स्थिती होई. त्यांनी मेण लावले, तेल लावले, बाभूळ सोडून आंब्याचे लाकूड घेतले. निकाल तोच. "एवढी भारी चीज," ते मला म्हणाले, "आणि माझ्या साध्या सामत्याइतकी बी चालत न्हाई. माझंच काई चुकून राह्यलं का, वकीलसाहेब?"

मी त्यांना सांगितले की चूक ग्राहकाची असते हे दुकानदारांनी पसरवलेले मत आहे. जबडा पाते धरीत नाही ही वस्तुस्थिती होती, ती मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि हमी लेखी होती. मी नोटीस लिहिली. ती चांगली उतरली होती, हे आजही म्हणतो. सदोष माल पाठवल्याबद्दल बदली यंत्र द्यावे, आणि ज्या सावंत नामक इसमाने न तपासता तपासल्याची खोटी सही केली त्याच्यावर कारवाई करून तसे लेखी कळवावे, अन्यथा आम्ही पुढील इलाज करू. मी ती वाचून दाखवली तेव्हा गुरुजी सावंतांच्या नावाशी अडले. तो बिचारा पगारी माणूस, त्याचं नाव कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, सही करणाऱ्याने सहीची जबाबदारी घ्यावी, नाहीतर सहीला अर्थ काय? शिक्षक माणसाला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. त्यांनी सही केली.

उत्तराला तीन आठवडे लागले. नवे ड्रिल आले आणि सोबत मराठीत टंकलेले पत्र : झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी आहे, संबंधित तपासनिसास कामावरून कमी करण्यात आले आहे. मी ते पत्र दोनदा वाचले आणि मला समाधान वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. गुरुजींनी ते घडी घालून खिशात ठेवले आणि नवे ड्रिल उघडले. अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे. पाते रुतले. जबडा सैल पडला.

दोन यंत्रे, दोन्हींत एकच दोष. मी म्हणालो, सगळा मालच खराब आहे. आत सोनाबाई दळत होत्या. जात्याची घरघर थांबली आणि त्या हात पुशीत बाहेर आल्या.

"भाऊजी, एक इचारू का?" त्या मला म्हणाल्या. "जातं कधी पुढं-मागं वढतेत का?"

मी म्हणालो, जात्याचा इथे संबंध नाही. त्या ओसरीवर बसल्या, यंत्र मांडीशी घेतले, पात्याच्या वळ्या बोटाने चाचपल्या. "ह्याला जात्यासारख्याच टाकीच्या खाचा हायेत की. एकाच अंगानं फिरवायचं. उलटं केलं तर पीठ पडंल का?" आणि त्यांनी मूठ एकाच दिशेने, न थांबता, दळायच्या लयीत फिरवली. पात्याच्या वळ्यांतून भुशाची सळसळती वेलांटी वर चढत आली. मणी आरपार झाला. दुभंगला नाही.

गुरुजींनी तो मणी उचलला, पण डोळ्याला लावला नाही. मी घरी जाऊन माहितीपत्रक शोधले. हमीच्या परिच्छेदाच्या वर, पहिल्याच ओळीत लिहिले होते की मूठ केवळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावी.

त्या संध्याकाळी गुरुजी माझ्याकडे आले ते न बसता उभे राहिले. "आपल्या हातानं एका माणसाची रोजी गेली. कागद लिहा. चूक आमची होती, माणसाला परत घ्या, असा."

मी लिहायला बसलो. लेखी कबुली ही किती घातक वस्तू असते हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो होतो. कबुली दिली तर दुकान बदली यंत्र परत मागेल, कदाचित खोट्या तक्रारीबद्दल उलट नोटीस देईल. म्हणून मी सावध मसुदा केला : सूचना इंग्रजीत असल्याने काही गैरसमजास वाव राहिला असणे शक्य आहे. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. मी दुसरा केला, तिसरा केला. चौथा त्यांनी दिव्याजवळ नेऊन वाचला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वकीलसाहेब, अक्षर बराबर हाय, भाषा बराबर हाय. पण चूक कोणाची तेच ह्याच्यात कळून न्हाई राह्यलं."

मला राग आला. कोणाच्या भल्यासाठी मी हे करीत होतो? मी तसे बोललोही, आणि वर हेही की परक्या कारकुनाची एवढी कणव असेल तर जा आणि पाया पडा. ते म्हणाले, बिलकुल ठीक. शाळेत रजेचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. तिसऱ्या दिवशी ते आणि सोनाबाई जालन्याला गेले, मनमाडला गाडी बदलून मुंबईला पोचले. दोघांनीही मुंबई पूर्वी पाहिलेली नव्हती. ड्रिल पिशवीत, आणि फिरवून दाखवायला सोनाबाई. साक्षीदार म्हणून याहून चांगला माणूस मलाही सुचवता आला नसता, पण मला कोणी विचारले नव्हते.

आठवड्याने दोघे परतले. पिशवी रिकामी होती. दुकानाने दुसरे यंत्र ठेवून घेतले होते. पहिले तर नोटिशीबरोबरच परत गेलेले. गुरुजींनी मालकांसमोर लिहून दिले होते की यंत्र निर्दोष होते व चूक वापरणाऱ्याची होती. आणि सावंतांना कामावर परत घेतले होते. एवढे तीन मुद्दे गुरुजींनी मला ओसरीवरून सांगितले आणि सामत्याची कमान हातात घेतली. मी ड्रिलाबद्दल हळहळलो. ते म्हणाले, "बाभळीचं सोडा. कडूलिंबाचे मणी फुटत न्हाईत." आमचे बोलणे पूर्ववत झाले, परंतु त्या प्रकरणावर पुन्हा कधी झाले नाही. मीच होऊ दिले नाही. पुढची काही वर्षे मी तिऱ्हाईतांसाठी शेकडो नोटिसा लिहिल्या, आणि प्रत्येकीत एखादे सावंत येऊन उभे राहत. मी त्यांना ओलांडून पुढे लिहीत असे.

गुरुजी कावीळ होऊन गेले. चौदाव्या दिवशी मी सोनाबाईंना भेटायला गेलो. पेन्शनचे कागद करायचे होते. ते झाल्यावर त्यांनी आपणहून मुंबईचा विषय काढला. दुकानात मालकांनी सावंतांना निरोप पाठवून बोलावले होते. काडीसारखा माणूस, त्या म्हणाल्या, पंधरा-वीस दिवस घरी बसलेला. त्यांनी गुरुजींना चहा पाजला. मग खिशातून माझ्या नोटिशीची नक्कल काढली. ती ते जवळ बाळगून होते.

"म्हणले, गुरुजी, मी तुमचं काय वाकडं केल्तं? इतकं कडक कोणी लिहिलं हे?"

"मग?" मी विचारले.

"ह्ये म्हणले, मीच लिहिलं. मास्तराची जीभ हाय, जरा तिखटच." सोनाबाई पुढे म्हणाल्या. "बाहेर आल्यावर मी म्हणलं, खोटं कामून बोलले? तर म्हणले, सही माझी होती का न्हाई? मंग खोटं कसं?"

कायद्याने त्यांचे उत्तर बरोबर होते. मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्याची. मीच त्यांना ते समजावले होते. मी बराच वेळ त्यात एखादी हरकत शोधीत राहिलो. ती मला सापडली नाही, आणि न सापडल्यामुळे मला बरे वाटायला हवे होते, तेही वाटले नाही.

घरी येऊन मी सावंतांच्या नावे, दुकानाच्या पत्त्यावर, पत्र लिहायला घेतले. मायना काय घालावा ते कळेना. 'सदर नोटिशीचा मजकूर माणिकराव गुरुजींचा नसून माझा होता. माहितीपत्रक मी वाचलेले नव्हते,' एवढे लिहून झाले. पुढे एक परिच्छेद परिस्थितीचा खुलासा करणारा घातला, वाचला आणि खोडला. दुसरा घातला, तोही खोडला. स्वच्छ प्रतीवर शेवटी ती दोनच वाक्ये उरली. त्यांखाली सही केली आणि टपाल निघण्यापूर्वी पेटीत टाकून आलो.