उजवीकडे वळणारा चेंडू

नव्वदच्या दशकात नाशिकबाहेर आमच्या गुलाबाच्या मळ्याला लागून गोल्फचं मैदान झालं. मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. मळा दादा आणि वहिनी बघायचे.

एका सकाळी वहिनी फुलं तोडत असताना मैदानातून आलेला चेंडू तिच्या डाव्या डोळ्यावर आदळला. ती ओरडलीसुद्धा नाही, तशीच काट्यांत कोसळली. बोटांच्या फटींतून रक्त ओघळत होतं. मी ओढणीने डोळा दाबून धरला. दादा तारेचं कुंपण ओलांडून धावला.

मारणारा एक कारखानदार होता. "मी सरळ समोर मारला," तो म्हणाला. "तुमचा मळा उजव्या अंगाला. चेंडू काय मधेच रस्ता बदलतो?"

दादाने त्याचीच काठी हिसकावली आणि त्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला बांधापर्यंत ऐकू आला. दुसरा फटका डोक्यात बसणार, तेवढ्यात कारखानदाराच्या सोबत्यांनी दादाला आडवं पाडून लाथांनी तुडवलं.

वहिनीचा डोळा गेला. दोन्हीकडून पोलीस केसेस झाल्या.

कारखानदाराचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण चेंडू रस्ता बदलतोच. चौकशीला बसलेल्या मैदानाच्या कमिटीपुढे मी फळ्यावर आकृती काढली. काठीचं तोंड फटक्याच्या वेळी जरासं उजवीकडे तिरकं राहिलं, की चेंडू स्वतःभोवती कलून फिरतो. चेंडूच्या अंगावरचे बारीक खळगे हवेला सोबत खेचून डावीकडे फेकतात, आणि चेंडू उजवीकडे रेटला जातो. निघतो सरळ, वळतो पुढे जाऊन.

कारखानदार प्लास्टरमधला हात घेऊन पुढेच बसला होता. "म्हणजे माझाच होता?"

"तुमचाच. पण तुम्ही नेम धरला नव्हता."

तो मान खाली घालून बसला. पुढे कमिटीने फटका मारायची जागा फिरवली. वळलेले चेंडू ओसाड माळावर पडू लागले. दादा आणि कारखानदार दोघांनी केसेसही मागे घेतल्या.

घरी वहिनीने विचारलं, "वन्सं, मुद्दाम नव्हता ना मारला?"

"नाही. हवेत वळला."

"मुद्दाम मारला असता तर बरं झालं असतं. जाऊन तोंडावर थुंकले तरी असते. आता हवेचं काय करू?"

आणि तिने गुलाबांनी भरलेली टोपली लाथेने भिंतीवर उडवली.