इश्‌ची सोयरीक

नात मेथी निवडता निवडता जर्मन घोकते. नर्स म्हणून तिकडे जायचंय तिला. ‘इश्’ म्हणजे ‘मी’. ते म्हणताना ती हात छातीवर ठेवते.

‘‘आबा, हा आपल्या संस्कृतातल्या अहम्‌चा लांबचा भाऊ. लॅटिनमधला एगो, इंग्रजीतला आय, सगळे एकाच घरचे. परके नाहीत हो ते.’’

मी चौथी शिकलो, पण सोयरिकी पुष्कळ जुळवल्यात. मुलगी न्यायची असली, की लोक असंच कुठलं तरी जुनं नातं उकरून काढतात.

‘‘मूळ गाव कुठलं या घराण्याचं?’’

‘‘ते नक्की कुणालाच ठाऊक नाही.’’

‘‘मग मी नाही मानत.’’

‘मी’ म्हणताना माझाही हात छातीवर गेला होता. तो तिला दिसला असावा. मेथीत तोंड लपवून हसत होती.